छत : तैलरंग, दोन हात

आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये टाळी वाजवली की एक-दोन-तीन म्हणेपर्यंत ती विरायची नाही. लहानपणी आम्ही मुलं रिकाम्या हॉलमध्ये शिरून मुद्दाम टाळ्या वाजवायचो. चौकीदार हाकलायला यायचा, तेव्हा त्याच्या शिव्याही छतावरून परत येऊन आम्हाला दुसऱ्यांदा बसायच्या. वर अर्धगोल सिमेंटचं छत, त्याला ओल धरू नये म्हणून तैलरंग, भिंती गुळगुळीत, खाली घोटलेली फरशी. गोदाम बांधता बांधता कोणाला तरी आठवलं असावं की आपल्याला हॉल बांधायचाय, आणि त्यानं एका टोकाला स्टेज उभं केलं.

भोपाळात बरखेड्याची मोठी वसाहत सगळ्यांना ठाऊक असते. आमचीही एका कारखान्याचीच, पण तिच्यापुढे अगदीच धाकटी, आनंद नगरकडे जाताना लागायची. आता तो कारखानाही नाही आणि त्याचं नावही कोणी घेत नाही, म्हणून मीही घेत नाही. चाळीसेक मराठी घरं होती, बहुतेक नागपूर-वर्ध्याकडची. मी तिथेच वाढले आणि डिप्लोमा करून तिथल्याच सिव्हिल खात्यात ज्युनिअर इंजिनिअर झाले. नाव मोठं, काम म्हणजे गळक्या टाक्या, तुंबलेली गटारं आणि 'मैडम, हमारे यहाँ की चिटकनी नहीं लगती' असल्या कडीकोयंड्याच्या तक्रारी.

बाबा त्याच कारखान्यात, घणाच्या खात्यात. तापलेल्या लोखंडावर दिवसभर यंत्राचा घण पडायचा. कानात कापूस घालणाऱ्याला तिथे बायकी म्हणून चिडवत, त्यामुळे कोणी घालत नसे. बाबांनीही घातला नाही. काय मिळवलं त्यातून, देव जाणे. रिटायर झाले तेव्हा उजवा कान पार गेला होता आणि डावा अर्धा उरला होता. खिशात काडेपेटीएवढी डबी, तिच्यातून निघालेली वायर डाव्या कानात. आम्ही तिला मशीन म्हणायचो. रस्त्यानं चालताना मी नेहमी त्यांच्या डाव्या बाजूला असायचे. उजवीकडून बोलणं आणि भिंतीशी बोलणं सारखंच.

घरात मशीनवर भागायचं. कुकरची शिट्टी, माझी बडबड, शेजारच्या बाईंचं भांडण, सगळं ऐकू यायचं. हॉलमध्ये मात्र मशीन हात टेकायचं. एकेक शब्द तीन-तीनदा छतावर आपटून कानात शिरायचा. 'डब्यात चणे घालून हलवते कोणी तरी,' बाबा म्हणायचे. मग त्यांनी मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जाणंच सोडलं.

आणि याच माणसानं एक नाटक लिहून ठेवलं होतं.

दोनशे पानी वही होती, आई गेल्यावर तिच्या साड्यांखाली ठेवलेली. नाटकाचं नाव 'बदली'. वसाहतीतल्या एका क्लार्कच्या बदलीची बातमी फुटते आणि शेजारीपाजारी एकेक करून वाईट वाटून घ्यायला येतात. म्हणजे खरं तर त्याचा कूलर, त्याच्या कुंड्या, त्याचा पेरूच्या झाडाचा क्वार्टर कोणाला मिळेल ते बघायला. एक शेजारी डोळे पुसतो आणि म्हणतो, 'फार वाईट झालं हो. कूलरची मोटर चालते ना चांगली?' वहीत अशा एकवीस जागांपुढे बाबांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'इथे हशा'. मला वाचून दाखवायचे तेव्हाही त्या जागेवर थांबायचे. मी हसले नाही तर म्हणायचे, 'काहून गं, झोप आली का?'

मंडळानं ते नाटक कधी बसवलं नाही. गणपतीत ऑर्केस्ट्रा, लेझीम, फॅन्सी ड्रेस. 'नाटक कशाला, या हॉलमध्ये शब्द कोणाला कळतो,' असं सेक्रेटरी काकू म्हणायच्या आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या माझ्या शाळेतल्या बाई, खोटं कधी बोलायच्या नाहीत.

त्या वर्षी हिवाळ्यात शहरातल्या कानाच्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं आणि मला बाजूला न घेता, त्यांच्यासमोरच, मोठ्यानं सांगितलं की डावा कानही चाललाय. वर्षभर म्हणा. बसनं परतलो. घराजवळच्या स्टॉपवर उतरल्यावर बाबा म्हणाले, 'गणपती किती महिन्यांवर आहेत?' मी बोटं मोजली. 'आठ.' 'एकदा समोर बसून ऐकायचं होतं गं. लोक हसतात का ते.' एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, पण माझ्या डोक्यातून तो काही केल्या जाईना.

हॉलमध्ये आवाज घुमू नये म्हणून नवं छत लावावं, ही मी घातलेली फाइल दोन वर्षं झोपली होती. मार्चात कारखान्याच्या वार्षिक दिनाला मोठ्या साहेबांचं भाषण चौथ्या रांगेपलीकडे कोणाला कळलं नाही, आणि फाइल खडबडून जागी झाली. लोकांना ऐकू न येणं आणि साहेबांचं ऐकू न जाणं यात किती फरक असतो ते मला तेव्हा कळलं.

छताचं डिझाइन मी स्वतः केलं. पुस्तकं मागवली, चार रात्री कागद पसरून बसले. सिमेंटच्या छताखाली बारीक तारांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची जाळी टांगायची. तिच्या प्रत्येक चौकोनात दोन फूट बाय दोन फुटाची, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांची टाइल नुसती वरून ठेवून द्यायची, खिळा नाही, डिंक नाही. आवाज भोकांतून आत जातो आणि आतच मुरतो. भिंतींना काचेच्या लोकरीचे पॅनल, वरून सैल विणीचं कापड. मांडणी हॉलच्या मध्यापासून सुरू करायची, म्हणजे कापलेल्या टाइला दोन्ही कडांना सारख्या येतात. एका बाजूला अख्खी टाइल आणि दुसऱ्या बाजूला चिंधी असं दिसलं की मला आजही भाताच्या घासात खडा आल्यासारखं होतं.

काम करायला मंडीदीपहून एक मिस्त्री आले. तिथल्या कारखान्यांच्या ऑफिसांची छतं त्यांनी केली होती. पन्नाशीचे, कमी बोलणारे. पाण्याच्या नळीनं भिंतीभर लेव्हल काढायचे आणि मी दोरी धरायला गेले की म्हणायचे, 'रहने दीजिए मैडम, आप कागज़ देखिए.' तीन आठवड्यांत छत झालं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला वर बोट दाखवून सांगितलं, 'इस पर रंग मत लगने देना. छेद भर गए तो बस गत्ता है.' गत्ता म्हणजे पुठ्ठा. मी हसले. म्हटलं, 'रंग कौन लगाएगा?'

मग मी टाळी वाजवली. हातातून निघाली आणि तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेले. त्यांना मधोमध बसवलं, मी स्टेजवर चढले आणि माइकशिवाय वही वाचायला लागले. अर्धं पान झालं असेल. कूलरच्या वाक्याला ते हसले, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. 'काहून गं, एवढं स्वच्छ येतं?' म्हणाले. आयुष्यात मी जे काही बांधलं, त्यात एवढा आनंद मला दुसऱ्या कशानं झाला नाही. सेक्रेटरी काकूंनी स्वतः शेवटच्या रांगेत बसून एक प्रवेश ऐकला आणि तिथूनच म्हणाल्या, 'बदली' बसवायचं. कोणी नट मंडळी शोधायला धावलं, कोणी कूलर. तालमी शाळेच्या वर्गात सुरू झाल्या. बाबा रोज संध्याकाळी जायचे, इस्त्रीचा शर्ट घालून.

आता माझी अक्कल ऐका.

वसाहतीत दरवर्षी गणपतीआधी रंगरंगोटी व्हायची. कडेच्या विटांना गेरू-चुना, फाटकाला काळा, हॉलला तैलरंग. त्याचं एस्टिमेट मी जानेवारीतच करून द्यायचे. करायचे म्हणजे काय, गेल्या वर्षीचं समोर ठेवायचं, वर्ष बदलायचं, खाली सही ठोकायची. माझ्या आधीच्यांनी तेच केलं, त्यांच्या आधीच्यांनी तेच. कोणी ते वाचत नसे, लिहिणाराही नाही. त्यात एक ओळ होती, 'हॉल : भिंती व छत, तैलरंग, दोन हात.' नव्या छताला मंजुरी मार्चात मिळाली. जानेवारीचा कागद कोणाच्या तरी ट्रेमध्ये आपली पाळी येईपर्यंत शांत पडून होता.

गणपतीला पंधरा दिवस असताना आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी चार दिवस नागपूरला गेले. परत आले ती थेट ऑफिसात. हॉलच्या वळणावरच तैलरंगाचा वास आला. आत गेले. छत चमकत होतं, आरशासारखं. टाइल, पट्ट्या, सगळं एकसंध पांढरं. भिंतीवरचं कापड रंग पिऊन पापडासारखं ताठ झालं होतं. मी टाळी वाजवली. एक. दोन. तीन.

ठेकेदाराचा मुकादम कौतुकाच्या अपेक्षेनं शेजारी उभा होता. मी काय बोलले ते आठवत नाही, पण बरंच बोलले असणार, कारण त्यानं खिशातून घडीचा कागद काढून माझ्यापुढे धरला. 'मैडम, आपने ही तो लिखा है. दो हाथ. हमने पूरे दो मारे हैं.' खाली माझी सही, ठळक, शेपटीसकट. आपलेच दात आणि आपलेच ओठ. माणूस खरंच चोख काम करून गेला होता, एक भोक म्हणून त्यानं उघडं ठेवलं नव्हतं.

पुढचे दहा-बारा दिवस मी काय नाही केलं. पॉलिश पेपरनं एक टाइल घासली, तर रंग भोकांत आणखी खोल गेला. मंडीदीपला निरोप पाठवला. मिस्त्री रविवारी बसनं आले, कामाचा कागद कोणी काढला नव्हता तरी. वर बघितलं आणि खाली फरशीवर बसले. 'मैंने कहा था, मैडम,' एवढंच. मग म्हणाले, टाइला उलट्या करून बघू, मागची बाजू कोरी आहे. आशेला लागलेलं माणूस, मी शिडी धरली. पण रंगानं टाइला पट्ट्यांना चिकटून बसल्या होत्या. पहिलीचा कोपरा मोडला. दुसरी मधून दुभंगली. तिसरीचा भुगा त्यांच्या डोक्यावर पडला. नव्या टाइला मागवायच्या तर तीन महिने.

तेवढ्यात आमचे साहेब आले. साहेब म्हणजे सिव्हिल खात्याचे प्रमुख, माणूस वाईट नव्हता, पण त्यांना चमकणारी वस्तू आवडायची. 'ये क्या तोड़-फोड़ है? बड़े साहब उद्घाटन करने आ रहे हैं.' मी सांगितलं की रंगामुळे छत बाद झालंय. त्यांनी वर बघितलं. 'इतना सुंदर तो लग रहा है.' मी त्यांच्यासमोर टाळी वाजवून दाखवली. त्यांनी मान तिरकी करून ऐकली आणि म्हणाले, 'आवाज़ तो दमदार है.' आणखी भांडले असते तर तो कागद निघाला असता, आणि कागदावर सही माझी. मी गप्प बसले. भित्री होते, दुसरं काय. मोडलेल्या टाइलांच्या जागी रंगवलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे बसले आणि शिडी काढून नेली.

सेक्रेटरी काकूंना मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी घराघरांतून गोधड्या, सोलापुरी चादरी, सतरंज्या जमा केल्या. आम्ही बायकांनी दोऱ्या बांधून त्या भिंतींवर लटकवल्या. टाळी दोनवर आली. दोनवर आली म्हणून मी त्या बायकांना चहा पाजला. प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी घरी जेवायला गेले आणि परत येते तो सगळ्या गोधड्या घड्या करून स्टेजच्या मागे ठेवलेल्या. साहेबांचा हुकूम. 'धोबीघाट बना रखा था,' असं म्हणाले म्हणे.

आणि या सगळ्यात बाबांना मी एक अक्षर सांगितलं नाही. कसं सांगणार? तालमीहून आले की जेवताना विचारायचे, 'तुझ्या छताला काही झालं तर नाही ना? पावसाचं पाणीबिणी?' मी म्हणायचे, 'नाही.' पाणी नव्हतंच झालं.

संध्याकाळी सहाला हॉल भरला. माणसांच्या अंगावरही आवाज मुरतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, म्हणून दारात उभी राहून मनात म्हणत होते, या रे, सगळे या, लेकरंबाळं घेऊन या. सगळे आले. मोठे साहेब आले, वर बघून 'वाह' म्हणाले, फीत कापून निघून गेले. मंडळानं दोन कोपऱ्यांत दोन मोठे स्पीकर लावले होते. मी म्हटलं, यानं आणखी बिघडेल. तर काकू म्हणाल्या, 'अगं, तूच तर म्हणतेस ना, ऐकू जाणार नाही?' समजावायला वेळ नव्हता. तिसरी घंटा झाली होती.

बाबा पहिल्या रांगेत बसले होते. मी मागच्या दारापाशी. पडदा उघडला, क्लार्क बोलायला लागला. आवाज आला, शब्द आला नाही. एक वाक्य विरायच्या आत दुसरं त्याच्यावर चढायचं. नट बिचारे आणखी जोरात बोलायला लागले आणि आणखी गढूळ झालं. माझ्या पुढचा माणूस शेजाऱ्याला म्हणाला, 'काय म्हणतोय?' शेजारी म्हणाला, 'कोणास ठाऊक.'

पहिल्याच प्रवेशात बाबांचा कोपर हलला. खिशातल्या मशीनची चकती फिरवत होते. थोडी इकडे, थोडी तिकडे. मग एकदा पूर्ण फिरवली आणि कानातलं काढून मांडीवर ठेवलं. मला वाटलं, उठून जातील. उठले नाहीत. जरा पुढे सरकून बसले, नटांच्या तोंडांकडे बघत.

आणि मग ते हसले. अख्ख्या हॉलमध्ये एकटे. मोठ्यानं, कारण ऐकू न येणारा माणूस मोठ्यानंच हसतो. दोन मिनिटांनी पुन्हा. वही त्यांना पाठ होती, ओठ हलताना दिसत होते, एवढं त्यांना पुरत होतं. मागे कोणाला काही कळत नव्हतं, लोक एकमेकांकडे बघायला लागले होते, मुलं रडत होती, कोणी कोणी उठून चाललं होतं. मला तर स्टेजवरचं एकही वाक्य लागत नव्हतं. बाबांचे खांदे हलले की कळायचं, इथे हशा. कूलरचं वाक्य झालं तेव्हा ते मांडीवर थाप मारून हसले आणि त्यांचं ते हसू छतावरून परत आलं. मला तिथे उभं राहवेना, आणि सोडून जाताही येईना. एकवीस वेळा मी ते बघितलं.

पडदा पडल्यावर चार जणांनी येऊन त्यांचा हात हातात घेतला, 'छान, छान' म्हणाले. आपल्याकडे तसं म्हणतातच. आम्ही घरी निघालो. मी नेहमीसारखी डाव्या बाजूला. त्यांनी मशीन पुन्हा कानात घातलं होतं.

'ऐन वेळी मशीननं दगा दिला गं,' म्हणाले. 'नुसता गोंगाट. का कान गेला आता कायमचा, माहीत नाही. माझंच नशीब फुटकं. बंदच करून टाकलं.' जरा चालून म्हणाले, 'पण लोकांना तर गेलं ना ऐकू? शेवटपर्यंत?'

'गेलं.'

'हसले?'

'हसले, बाबा.'

'सगळ्या जागांवर?'

'सगळ्या.'

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि वही काखेत घट्ट धरली. म्हणाले, 'तुझं छत होतं म्हणून.'

दवाखान्याच्या वळणावर मी मागून फिरून त्यांच्या उजव्या बाजूला आले. आणि चालता चालता सगळं सांगून टाकलं. ती ओळ, तो कागद, सही, दोन हात. 'तुमचा कान नव्हे, माझा हात,' असंही म्हटलं. पुढे रडू आलं म्हणून थांबले. ते आपल्याच तंद्रीत, बोटांवर एकेक जागा मोजत चालले होते. क्वार्टरच्या फाटकापाशी आल्यावर त्यांचं लक्ष गेलं की मी या बाजूला आहे. दिव्याच्या उजेडात माझ्याकडे बघून हसले.

'छत काय चकचकीत दिसत होतं गं,' म्हणाले. 'दरवर्षी रंग देत जा त्याला.'

मी मान डोलावली. तेवढं त्यांना दिसायचं.